‘सर, पोट कमी करायचंय’ : जिममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी पहिले बारा आठवडे

नवीन माणूस आला की आमच्याकडे एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, वजन, रक्तगट आणि शेवटी एक रकाना : उद्दिष्ट. चौदा वर्षं ट्रेनर म्हणून मी तो रकाना वाचतोय. लग्न ठरलेले, डॉक्टरांनी दम भरलेले, ‘बॉडी बनवायची’ म्हणणारी कॉलेजातली पोरं असे सगळे त्यात येऊन जातात. पण सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य एकच, पोट कमी करायचंय.

मी मूळचा सांगलीकडचा. शाळेत असताना दोन वर्षं गावच्या तालमीत जायचो. तिथे फॉर्म नव्हता. तुला काय व्हायचंय, असंही कुणी विचारलं नाही. वस्तादांनी पहिल्या दिवशी कुस्तीचा मातीचा हौदा उकरायला लावला, वीस बैठका मारून घेतल्या आणि निघताना एवढंच म्हणाले, “उद्या येणार न्हवं?” दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुण्यात आलो, परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं भिंतीवर लावली. पण नवख्या माणसाला विचारावा असा याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे : तुम्ही उद्या यावं, परवा यावं आणि बाराव्या आठवड्यातल्या सोमवारीही यावं, म्हणून आधीपासून काय काय करून ठेवायचं.

पैसे भरण्याआधी

चाळिशी ओलांडली असेल आणि आजवर व्यायाम केलेला नसेल, बीपी किंवा शुगर असेल, जिना चढताना छातीत दुखत असेल, मधूनच चक्कर येत असेल, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टर आणि मग जिम. यात लाजण्यासारखं काही नाही. हे प्रश्न न विचारताच जो ट्रेनर तुम्हाला ट्रेडमिलवर चढवतो, लाज त्याला वाटायला हवी.

जिम बघायला दुपारी तीनला जाऊ नका. त्या वेळी प्रत्येक जिम छान दिसते. तुम्ही रोज ज्या वेळेला जाणार आहात त्याच वेळेला जा. संध्याकाळी सातला एका बाकासाठी चारजण थांबलेले असतील, तर तुमचा पाऊण तासाचा व्यायाम दीड तासाचा होणार आणि तिसऱ्या आठवड्यात घरी जेवण थांबलेलं असताना तो सुटणार. जिम घर आणि ऑफिसच्या रस्त्यावर असावी. यू-टर्न घ्यावा लागणारी जिम, कितीही चकचकीत असली तरी, पावसाळ्यात सुटते.

वर्षाची फी एकदम भरू नका. कितीही मोठी सूट असो. आमचा धंदा बराचसा न येणाऱ्यांवर चालतो, हे मी आत राहून सांगतोय. वर्षाचे पैसे भरलेले सगळेजण एकाच आठवड्यात रोज यायला लागले, तर उभं राहायलाही जागा पुरणार नाही. एक महिन्याचे भरा, फार तर तीन. जास्त जातील. जाऊ द्या.

रकाना पुन्हा भरायचा

‘पोट कमी करायचंय’ यात चूक काही नाही, पण त्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. शिवाय नुसत्या पोटाचे व्यायाम करून नुसत्या पोटाची चरबी जात नाही. चरबी कुठून आधी उतरायची हे शरीर ठरवतं. क्रंचेसचं काम पोटाचे स्नायू घट्ट करणं, वरची गादी काढणं नव्हे.

मग हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी पोटात गेल्या, तर आठवड्याला ३,५०० म्हणजे अर्धा किलोसुद्धा पुरता नाही. हे कागदावर, प्रत्यक्षात शरीर कमी-जास्त करतं. आता जिमबाहेर लावलेल्या ‘महिन्यात १० किलो’ या बोर्डाकडे पुन्हा बघा. तेवढं उतरलंच, तर त्यात पाणी किती आणि स्नायू किती हे बोर्डवाला सांगत नाही. लग्न सहा आठवड्यांवर आलंय आणि १२ किलो कमी करायचंय, असं म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. ते शेजारच्या जिममध्ये जातात. चालायचंच.

याच हिशेबाची उलटी बाजूही ध्यानात ठेवा. शनिवारी रात्री मिसळ, वर पापड, झोपायला एक वाजला. रविवारी सकाळी काटा एक किलो पुढे. घाबरून लोक मला फोटो पाठवतात. एका रात्रीत किलोभर चरबी चढवायची, तर गरजेच्या वर ७,७०० कॅलरी खाव्या लागतील. तेवढी मिसळ कुणी खाल्लेली नसते. ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी आहे, दोन दिवसांत जातं. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीही हेच होतं. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. रोज काट्यावर चढणाऱ्याचा मूड काटा ठरवतो.

वजनापेक्षा कंबर बघा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही धोक्याची रेघ मानतात. युरोपातल्या लोकांपेक्षा आपली रेघ अलीकडे आहे, कारण कमी वजनातही आपल्या पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याचंही तसंच; जगाच्या तक्त्यात २५ पासून जादा वजन धरतात, भारतीयांसाठी २३ पासून.

हा झाला पहिला आकडा. दुसरं उद्दिष्ट कामाचं असावं. मी विचारतो, असं कुठलं काम आहे जे तुम्हाला पूर्वी यायचं आणि आता जमत नाही? किंवा कुणाला तरी हाक मारावी लागते? बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू यावर बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “गॅसची टाकी.” घरी दोघीच, त्या आणि सासूबाई; टाकी संपली की शेजारच्या मुलाला बोलवावं लागायचं आणि तो मुलगा आता बंगळूरला गेला होता. भरलेल्या टाकीत १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचं वजन जवळजवळ तेवढंच, म्हणजे तीस किलोच्या आसपास. काकूंनी बारबेलच्या रिकाम्या दांडीपेक्षाही हलक्या डंबेलपासून सुरुवात केली. अकराव्या आठवड्यात तीस किलो जमिनीवरून उचलले आणि दोन दिवसांनी मला टाकी हलवल्याचा व्हिडिओ आला. (टाकी उचलू नका, कलती करून तळाच्या कडेवर फिरवत न्या, असं मी बजावलं होतं. ऐकतंय कोण.) वजन म्हणाल तर दोन किलो उतरलं होतं. त्याबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

कुणाचं उद्दिष्ट पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणं असतं. कुणाचं आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, दहा ठिकाणी न बसता. कुणाला हाताचा टेकू न घेता जमिनीवरून उठायचं असतं. काहीही चालेल, फक्त जमलं की नाही हे स्वतःलाच कळेल असं हवं.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं उद्दिष्ट हजेरीचं. आठवड्याला तीन दिवस, बारा आठवडे म्हणजे ३६ वेळा. त्यातले ३० भरायचे. छत्तीसपैकी छत्तीस म्हणणारा माणूस पहिला खाडा झाला की खचतो. सहा खाडे मी मुद्दाम शिल्लक ठेवलेत : एक ताप, एक लग्न, एक ऑडिट, दोन गणपतीतले आणि एक उगाच.

वही

मोबाइलवर ॲप आहेत, वापरा हवं तर. मी दोनशे पानी वही वापरायला सांगतो, कारण वही उघडली की तिच्यात दुसरं काही वाजत नाही. पहिल्या पानावर पहिल्या आठवड्यातल्या या नोंदी : कंबर, साध्या खुर्चीवरून हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, भिंतीला हात टेकून किती जोर होतात, आणि पर्वती किंवा तुमच्या गावची जी कुठली टेकडी असेल ती चढताना कुठे थांबावं लागलं. एक फोटो काढायचा असेल तर काढा, पण तो बारा आठवडे बघू नका. पुढच्या पानांवर तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. बस्स.

तीन दिवस काय करायचं

सोमवार-बुधवार-शुक्रवार, किंवा मधे एक दिवस सुटेल असे कुठलेही तीन. ‘आज चेस्ट, उद्या बॅक, परवा शोल्डर’ ही वाटणी नवख्याला लागत नाही. ती जुन्या लोकांची. तुमचा एक दिवस चुकला, तर त्या आठवड्यात छाती राहूनच जाईल. तीनही दिवस सगळं अंग.

सुरुवातीला पाच ते दहा मिनिटं अंग गरम होईल इतपत चाला किंवा सायकल मारा. मग पाच हालचाली.

बसून उठणं : आधी खुर्चीवर टेकून, मग खुर्ची काढून, मग छातीशी एक डंबेल धरून. यालाच जिममध्ये स्क्वॉट म्हणतात. गुडघे आत कोसळू द्यायचे नाहीत आणि टाचा उचलायच्या नाहीत.

ढकलणं : भिंतीवर, मग बाकावर हात ठेवून, मग जमिनीवर. लाजेखातर थेट जमिनीवर जाऊन कमरेत लोंबकळणारे जोर मारू नका. भिंतीवरचे वीस नीट जोर त्याहून कितीतरी कामाचे.

ओढणं : मशीनची केबल पोटाकडे ओढायची (केबल रो) किंवा वरची दांडी छातीकडे खाली ओढायची (लॅट पुलडाउन). दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्यांना याची सगळ्यात जास्त गरज असते आणि आरशात पाठ दिसत नसल्यामुळे सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते.

वाकून उचलणं : यावर जरा थांबतो, कारण उसण इथेच भरते. आपण कमरेतून गोल वाकतो, आणि बादली असो की मूल, झटका देऊन उचलतो. त्याऐवजी दोन्ही हातांत पिशव्या असताना दार बुडाने लोटतो ना, तसं बूड मागे न्यायचं. गुडघे थोडेच वाकवायचे. पाठ पाटासारखी सरळ. दोन आठवडे नुसती ही हालचाल, पाठीला काठी लावून : डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेलं राहिलं पाहिजे. मग हलके डंबेल. मोठी दांडी रिकामीही २० किलोची असते. ‘काही लावलं नाही, नुसती दांडी आहे’ म्हणून फसू नका. काही जिममध्ये हलक्या दांड्याही असतात, विचारून घ्या.

वजन घेऊन चालणं : दोन हातांत दोन डंबेल, खांदे मागे, तीस-चाळीस पावलं. आपल्या आज्या कळश्या भरून हेच करायच्या, फक्त त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. शेवटी थोडा वेळ प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवडे टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं.

एक हालचाल एकदा पुरी केली की एक रेप, न थांबता केलेल्या रेपचा एक सेट. पहिले दोन आठवडे प्रत्येकाचे एक किंवा दोन सेट, दहा-दहा रेप. मग तीन सेट, आठ ते बारा रेप. तिन्ही सेटमध्ये बारा नीट झाले, की पुढच्या वेळी सगळ्यात छोटी प्लेट वाढवायची आणि पुन्हा आठपासून सुरुवात. दोन सेटच्या मधे दीड-दोन मिनिटं बसा. मोबाइल काढलात तर ती पाच होतात. सेट कधी थांबवायचा? अजून दोन रेप ओढूनताणून झाले असते असं वाटेल तिथे. पाच सहज झाले असते तर वजन हलकं आहे. तोंड वेडंवाकडं करून, श्वास कोंडून एक पुरा करावा लागला तर जास्त आहे.

उरलेल्या दिवशी चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितलेत. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम.

तिसऱ्या आठवड्यात एक गंमत होते. अंग हलकं वाटायला लागतं, झोप लागते, आणि माणूस म्हणतो, सर, आता सहा दिवस येतो, दोन वेळा येतो. आजी श्रावणात कहाणी वाचायची त्यात देव आधी बजावतो, उतू नको, मातू नको. घेतला वसा टाकू नको हे त्यानंतर येतं. क्रम बरोबर आहे. उतलेलेच पुढे टाकतात.

घरात कुणी तालमीतलं असेल आणि तुम्हाला जोर-बैठका शिकवत असेल तर जरूर शिका, उत्तम व्यायाम आहे. फक्त पैज लावून नको. सवय नसताना एकदम काहीशे बैठका मारल्या, की स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पाय सुजून लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर घरी तेल चोळत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

दुखतंय, पण कसलं

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणार, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागणार. दोन्ही बाजूंना सारखं, बोथट दुखणं असेल तर चार दिवसांत जातं. हलकं चाला, झोपून राहू नका. सांध्यात, एकाच बाजूला, सुईसारखं टोचत असेल, मुंग्या येत असतील, रात्री झोप मोडत असेल, तर तो व्यायाम बंद आणि डॉक्टर. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम हे जिममध्ये झालं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि १०८ ला फोन लावायला लावा.

ट्रेनर कसा वापरायचा

पर्सनल ट्रेनिंग, म्हणजे आमच्या भाषेत पीटी, लागतंच का? माझ्याच पोटावर पाय येईल, पण सांगतो : बहुतेकांना वर्षभर लागत नाही. सुरुवातीला आठ-दहा सेशन घ्या, वरच्या पाच हालचाली नीट शिकून घ्या आणि मग महिन्यातून एक-दोनदा तपासून घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाठीचा जुना त्रास आहे, साठी उलटलीय अशांनी जास्त दिवस घ्यावं.

प्रमाणपत्र विचारा. एसीई, एसीएसएम, एनएससीए या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था जगभर मानल्या जातात. सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यास छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, येतं का, हेही विचारा. पण खरी परीक्षा पहिल्या अर्ध्या तासात होते. तो तुमची झोप, नोकरी, जुनी दुखणी विचारतो का? कुठे लिहून ठेवतो का? तुम्ही सेट मारताना त्याची नजर तुमच्यावर आहे की आरशातल्या स्वतःच्या दंडावर? हात लावून तुमची व्यायामाची ढब सुधारायची असेल तर आधी विचारतो का? बायकांनी तर हा शेवटचा मुद्दा अजिबात सोडू नये. न विचारता हात लावणारा ट्रेनर त्याच दिवशी बदलून मागायचा, कारण द्यायची गरज नाही.

पहिल्याच आठवड्यात प्रोटीन पावडरचा डबा विकायला आणणाऱ्यापासून सावध. पावडरच्या डब्यावर कमिशन असतं. मला कसं माहीत? माझ्या पहिल्या नोकरीत दर महिन्याला डब्यांचं टार्गेट होतं आणि चार महिने मी ते पुरं केलं. पंचविशीतल्या एका डिलिव्हरीवाल्या मुलाला मी त्याच्या अर्ध्या पगाराचं सामान विकलं होतं. त्याला अंडी परवडत नव्हती.

आणि ‘कोर्स’, म्हणजे स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा, हा शब्द कानावर आला, तर तिथून निघा. इंजेक्शनाने बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, मूल होण्यात अडचण येते, हृदयावर परिणाम होतो. अलीकडे मेफेंटरमाइनचं खूळ आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर खाली गेलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर ते वापरतात. पोरं ते ‘पंप’ येतो, म्हणजे स्नायू फुगलेले वाटतात, म्हणून टोचून घेतात. पुण्यात पोलिसांनी ते चोरून विकणाऱ्यांना पकडलेलंही आहे.

तुमच्याकडूनही एक अपेक्षा. खरं सांगा. काल काय खाल्लं, किती झोपलात, कुठे दुखतंय. मी काही हेडमास्तर नाही. रात्री दोनपर्यंत जागलेला माणूस ‘फ्रेश आहे सर’ म्हणतो आणि मी त्याला त्या भरवशावर वजन देतो, हे धोक्याचं आहे.

डबा

आहार हा वेगळा विषय आहे आणि मी आहारतज्ज्ञ नाही, म्हणून एकच गोष्ट बोलतो : प्रथिनं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या आकड्यांनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांसाठी १.२ ते १.६ पर्यंत जायला हरकत नसते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता आपलं ताट बघा. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री वरण-भात. त्या वरणात वाटीमागे पाच ते सात ग्रॅम, तेही घट्ट असेल तर. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. म्हणून ताट तेच ठेवून त्यात भर घाला. पोह्यांवर मटकीची उसळ घ्या. एका अंड्यात ६ ग्रॅम. मोठा पेलाभर दुधात ८. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. मूठभर फुटाण्यांत ६, आणि ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टिकतात. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या वर, हे सगळ्यात स्वस्त. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत खरी, पण शंभर ग्रॅममागे साडेपाचशेच्या वर कॅलरी. तेव्हा चटणी चटणीसारखीच खा. भाकरी सोडू नका. ‘सर, भाकरी बंद केली’ असं अभिमानाने सांगणारे संध्याकाळी सहाला वडापावच्या गाडीवर भेटतात. मी पण तिथेच असतो, म्हणून दिसतात.

पावडर विष नाही, दुधातूनच काढलेली असते. पण गरज क्वचितच पडते आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही शरीर कमावण्यासाठी ती टाळायलाच सांगितलंय.

सहावा आठवडा

नव्याचे नऊ दिवस खरोखर नऊच नसतात, माझ्या अनुभवात पाच-सहा आठवडे टिकतात. मग उतार लागतो. आरशात काही दिसत नाही. याला कारण आहे : पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट वापरायला शिकल्यामुळे. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतके भरायला दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून या दिवसांत आरसा झाकून ठेवा आणि वही उघडा. पहिल्या आठवड्यात पाच किलो, आज बारा.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर याचा अभ्यास झाला होता. सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून माझा नियम, सलग दोन चुकवायचे नाहीत. एक चुकला तर चुकला. दुसऱ्या वेळी मन नसलं तरी बूट घालून या आणि दहा मिनिटं चालून परत जा. वहीत हजेरी लागते. दहा मिनिटांसाठी आलेले बहुतेकजण पुरा व्यायाम करूनच जातात, पण ते तुम्ही स्वतःला आधी सांगू नका. पिशवी रात्रीच भरून दाराशी. वेळ एकच. जमलं तर जोडीदार, शक्यतो असा की ज्याला ‘आज नको’ सांगायला तुम्हाला संकोच वाटेल. मी स्वतः कुणाला सुविचार पाठवत नाही, घामाघूम पैलवानांचे व्हिडिओ पाठवत नाही. दोन खाडे झाले की एक ओळ पाठवतो, “उद्या येणार ना?”

सणांचं आधीच ठरवा. पुण्याच्या पेठांमध्ये राहत असाल तर गणपतीचे दहा दिवस रस्तेच बंद असतात, तेव्हा घरी बैठका आणि जोर. ढोलपथकातल्या पोरांना मी सराव व्यायामात धरून देतो. कमरेला ढोल बांधून दोन तास उभं राहून वाजवून बघा, मग बोला. श्रावणात अंडी-मटण बंद झालं की उसळी आणि पनीर वाढवा. दिवाळीत फराळ खा. चार दिवसांच्या चकल्यांनी बारा आठवडे वाया जात नाहीत, त्यानंतर ‘आता एक तारखेपासूनच’ म्हटल्याने जातात. आठवड्याभराच्या खाड्यानंतर उचलायचं वजन थोडं कमी करून सुरू करा, तीन आठवड्यांनंतर निम्म्यावरून. ‘मागच्या वेळी इतकं उचलत होतो’ हे वाक्य मी फिजिओथेरपिस्टच्या दारात फार ऐकलंय.

बारावा आठवडा

पहिल्या पानावरच्या सगळ्या नोंदी पुन्हा घ्या. तीच खुर्ची, तोच टेप, तीच टेकडी आणि जमलं तर दिवसाची तीच वेळ. हजेरी मोजा. तीस भरले असतील तर एक आठवडा हलका घ्या, म्हणजे तेच व्यायाम पण निम्मे सेट, आणि मग नवा बेत आखा. आता हवी तर चेस्ट-बॅकची वाटणी करा, सिंहगडाची तारीख ठरवा. वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला माझी परवानगी आहे, भजी मात्र दोघांत एक प्लेट.

अठराच भरले असतील, तर तीन दिवसांचा बेत तुमच्या नोकरीत आणि घरात बसत नाही, एवढंच त्यातून कळलं. मी अशांना दोन दिवसांचा बेत देतो, चोवीसपैकी वीसचा. मंगळवार आणि शनिवार चांगले पडतात, शनिवारी गर्दीही कमी असते. नवं पान काढा, वर तारीख घाला, कंबर मोजून लिहा. पर्वतीला जाल तेव्हा पाण्याची बाटली खाली गाडीच्या डिकीत विसरू नका. दर खेपेला निम्मेजण विसरतात आणि मग माझी संपवतात.